राखीव मूठ

१२ फेब्रुवारी

भाऊजी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र बाजूला टाकाल, हे धरूनच लिहायला बसले आहे. दोन वर्षांत माझी तीन पत्रं गेली, तुमचं एकही आलं नाही. तक्रार नाही. तुमच्या जागी मी असते तर पाकिटं न फोडता परत पाठवली असती. तुम्ही निदान ठेवून तरी घेतलीत.

या वेळी मात्र वाचा. कामाचं आहे.

तळ्याकाठच्या बदकवालीची पिल्लं मेली. सहाशे आणली होती. काल संध्याकाळपर्यंत चाळीसेक उरली होती, आज किती आहेत ते विचारायला माझे पाय तिकडे वळले नाहीत. आधी त्यांनी खाणं सोडलं, मग पाय लुळे पडले, मग माना मागे वळल्या. खाद्य आपल्या गिरणीचं होतं. जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी दोन पिल्लं तिथेच कट्ट्यावर चिरून आतलं यकृत दाखवलं. पिवळं, फुगलेलं, बोट लावलं की फाटत होतं. “बुरशीचं विष आहे,” ते म्हणाले. मग गिरणीत येऊन त्यांनी तीन नमुने घेतले. तयार खाद्याचा एक, नव्या मक्याचा एक आणि तुमच्या पावडरीच्या पिंपातला एक. ज्या जुन्या मक्याचं ते खाद्य होतं तो वेगळा मागितला नाही, आणि आम्हीही आपण होऊन दाखवला नाही.

तुमची पावडर आम्ही गेली दीड वर्षं खाद्यात वापरतो आहोत हे तुम्हाला माहीत असेलच. तुमच्या संस्थेकडून चाचणीसाठी आली तेव्हा पिंपावर तुमची सही पाहूनही तुमच्या दादांनी पिंप परत पाठवलं नाही, आत घेतलं. त्यांच्या मानाने तेच खूप. आणि खरं सांगते, पावडर घालायला लागल्यापासून एकाही गिऱ्हाइकाचं एकही पिल्लू खाद्यापायी दगावलं नव्हतं. कोंबडीवाले तर म्हणायचे, तुमच्या गिरणीचं पोतं उघडलं की घरभर लवंग-ओव्याचा वास सुटतो, आम्हालाच खावंसं वाटतं.

म्हणून मला काही उमजत नाही. मका चांगला होता. मी स्वतः पाहिला होता. त्या दिवशी सकाळपासून पावडरच मोजत होते, हात मनगटापर्यंत पिवळे झाले होते. ट्रक आला तशी उठले, मका पाहिला, उतरवून घ्या म्हणाले. नेहमीसारखंच.

चौकशीचा कागद तुमच्यापर्यंत येईल. तो आला की एकदम दचकू नये, एवढ्यासाठी हे लिहिलं.

तुमची वहिनी


१९ फेब्रुवारी

भाऊजी,

हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडूनच कळू दे.

काल आम्ही जबाब लिहून दिला. तुमच्या दादांनी सांगितला, डॉक्टरांच्या कारकुनाने लिहिला. तीन वाक्यं आहेत. मका तपासून घेतला होता आणि तो उत्तम होता. पावडर संस्थेने पाठवली होती. ती पावडर घातलेलं खाद्य खाऊन पिल्लं मेली. खाली दोन सह्या लागतात, एक मालकाची आणि एक मका तपासणाऱ्याची. दुसरी सही कुणाची ते वेगळं सांगायला नको.

मी सही करायला पाच मिनिटं लावली. तेवढ्यात यांनी तीनदा घड्याळ पाहिलं. शेवटी म्हणाले, “त्यात खोटं काय आहे ते दाखव, मी खोडतो.” मला दाखवता आलं नाही. मका मला चांगलाच वाटला होता. तुम्हाला माहीत आहे, मामंजी गेल्यापासून या गिरणीत मक्याचा शब्द माझाच चालतो. हे मला नावाने हाक मारत नाहीत, “नाक” म्हणतात. गिऱ्हाइकंही तेच म्हणतात. नाकाने मका घेतला म्हणजे घेतला.

आणि आता तुम्हाला राग येईल असं लिहिते. अहवाल आला आहे. नव्या मक्यात काही नाही. खाद्यात विष आहे. आणि तुमच्या पिंपातही विष निघालं, भाऊजी. मी कागद दोनदा वाचला. हळद, ओवा, लवंग, माती, सगळं आपल्या मागच्या खोलीत तुम्ही माझ्या डोळ्यांदेखत कुटलं होतंत पहिल्यांदा. तुम्ही मला शिकवलं होतंत की माती पोटातल्या विषाला धरून बाहेर नेते, हळद यकृत सांभाळते, लवंग-ओवा बुरशीला वाढू देत नाहीत. मी ते येईल त्या गिऱ्हाइकाला पाठ म्हणून दाखवायचे. आता त्याच पिंपात विष सापडलं तर मी काय समजू? तिकडे मोठ्या संस्थेत हळद कुठून येते, कुणी पाहून घेतं का? की तिकडेही यंत्रच पाहतं सगळं?

बोलले. आता परत घेत नाही.

वहिनी


६ मार्च

भाऊजी,

दोन वर्षांनी तुमचं कार्ड आलं आणि त्यावर चार शब्द. “राखीव मूठ कुठे आहे?” ना नमस्कार, ना खाली सही. तुमच्या दादांचे तुम्ही सख्खे भाऊ आहात यात मला कधीच शंका नव्हती.

राखीव मूठ मी विसरले असेन असं वाटलं का तुम्हाला? मामंजींनी या घरात मला पहिलं जर काही शिकवलं असेल तर तेच. ट्रक आला की आधी दारातल्या नळावर हात धुवायचे. वाळू द्यायचे, पुसायचे नाहीत, कारण फडक्यालाही वास असतो. मग पोत्यात कोपरापर्यंत हात घालून मूठ काढायची, तोंडाची वाफ तिच्यावर सोडायची आणि वास घ्यायचा. मका घ्यायचा ठरला तर तीच मूठ कापडी पिशवीत घालून तोंड शिवायचं, शिवणीवर कागद चिकटवायचा, त्यावर अर्धी सही ट्रकवाल्याची, अर्धी आपली. त्या मक्याचं शेवटचं पोतं गिऱ्हाइकाच्या घरी खाऊन संपेपर्यंत पिशवी खिळ्यावरून हलवायची नाही. भांडण झालं तर ती बोलेल, आपण बोलायचं नाही, असं म्हणायचे ते.

तर त्या ट्रकची मूठ नाही. उंदरांनी पिशवी कुरतडली. गोदाम म्हटलं की उंदीर आलेच.

तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते, बदकवालीकडे शेवटी मी जाऊन आले. अकरा पिल्लं उरली आहेत. ती तिने स्वयंपाकघरात खोक्यात ठेवली आहेत. शेड रिकामं आहे, पण पाण्याच्या लांब पन्हाळी भरलेल्या होत्या. मी म्हटलं, “इथं कशाला पाणी भरलंय?”

“सवय आहे हाताला,” ती म्हणाली. “सकाळी उठते नि भरून टाकते. मग आठवतं.”

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं की चौकशी चालू आहे, पावडरीत दोष निघाला आहे.

“पावडरीचं मला काय कळतंय?” ती म्हणाली. “दुसरीकडचं खाद्य जवळ पडतं मला. तरी तुझ्याकडनं आणते. मका तू बघतेस म्हणून. बाकीच्यांना मी सांगते, तिथं ती बाई बघते, डोळे मिटून घ्या.”

मग तिने मला बसायला सांगितलं. मला बसवेना. परत येताना वाटेत मला तुमचं शेवटचं बोलणं आठवत राहिलं. तुम्ही ओलावा मोजायचं यंत्र टेबलावर ठेवलंत, आणि हे म्हणाले, “माझ्या बायकोच्या नाकापुढं तुझं यंत्र काय चीज आहे रे?” तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, “वहिनी, बुरशीला वास असतो, विषाला नसतो. आणि माझी पावडर म्हणजे छत्री आहे. पुरात छत्री घेऊन उतरू नका.” आणि मी हसले. हे हसले म्हणून हसले, पण हसले. तुम्ही त्याच दिवशी बॅग भरलीत. यंत्र खोक्यासकट कपाटात आहे, कुणी उघडलेलं नाही.

वहिनी


२ एप्रिल

भाऊजी,

तुमचं काम थांबवलं आहे आणि चोवीस तारखेला तुमची सुनावणी आहे, हे डॉक्टरांकडून कळलं. संस्थेतल्या सीलबंद पिंपांत काही सापडलं नाही, पण ती दुसऱ्या खेपेची म्हणून धरत नाहीत, असंही ते म्हणाले. निकाल विरुद्ध गेला तर तुम्हाला परत या कामात उभं राहता येणार नाही. हेही म्हणाले.

आता मी जे लिहिते ते सलग वाचा. मध्ये थांबलात तर पुढचं वाचायची इच्छा राहणार नाही.

गेल्या आठवड्यात चौकशीवाले तुमची पिंपं गाडीत घालून घेऊन गेले. पिंपं मक्याच्या गोदामात होती. मागच्या खोलीत ओल येते म्हणून मीच ती मक्याला टेकून ठेवली होती. झाकणंही लावत नव्हते मी. सारखं उघडायचं, सारखं लावायचं, त्यापेक्षा उघडीच बरी. शिवाय मला तो वास आवडायचा. तुम्ही पिंपावर लिहिलं होतंत, वेगळ्या खोलीत, झाकण घट्ट लावून ठेवावे. ते मी वाचलं होतं.

पिंपं गेल्यावर मी गोदाम झाडलं, दोन्ही दारं दोन दिवस उघडी टाकली. तिसऱ्या दिवशी सकाळी आत गेले आणि दारातच थांबले.

कुबट वास, भाऊजी. बंद पेटीतल्या जुन्या चपलांसारखा. त्या ट्रकमधली चाळीस पोती अजून मागच्या भिंतीला लावलेली आहेत. मी एकेकाला नाक लावत गेले. वरच्या पोत्यांना थोडा, मधल्यांना जास्त. एकाचं तोंड सोडलं तर आत हिरवट धूळ आणि दाण्यांचे गठ्ठे. ताडपत्री फाटली असेल वाटेत, पाऊस लागला असेल. ते पोतं दोन महिने तिथंच होतं. मी त्याला टेकून रोज पावडर मोजली आहे.

म्हणजे पावडर खराब नव्हती. आमच्या मक्याची धूळ तुमच्या उघड्या पिंपात पडत होती, आणि तुमच्या पावडरीचा वास आमच्या मक्यावर बसत होता. विष आमचं आणि नाव तुमचं. हे मला आता कळलं. इतक्या दिवसांत मी तुम्हाला जे जे लिहिलं ते मला पुन्हा वाचायचं नाही.

यांना दाखवलं. यांनी त्या पोत्यातली मूठ हातात घेऊन पाहिली. मग म्हणाले, “दहा पोत्यांत एक मिसळून जाऊ दे. कुणाला कळत नाही.” मी म्हटलं, “मला कळलं ना.” तर म्हणाले, “तुला तेव्हा कळायला हवं होतं. आता गप्प बस. जबाबावर सही तुझी आहे.” ते वाईट नाहीत, भाऊजी. घाबरले आहेत. पण घाबरलेला माणूस काय करील त्याचा नेम नाही, हे मी रोज पाहते आहे.

आणखी एक. राखीव मूठ उंदरांनी खाल्ली नाही. यांनी ती जाळायला सांगितली होती, मी लपवली. तुमच्या यंत्राच्या खोक्यामागे आहे. शिवण शाबूत, कागद शाबूत, दोन अर्ध्या सह्या शाबूत. पावडरीला लागायच्या आधीचा मका आहे तो. तुमची सुटका त्या पिशवीत आहे.

उद्या पोस्टाने पाठवते. नोंदणी करून.

वहिनी


९ एप्रिल

भाऊजी,

पाठवली नाही. तुम्ही वाट पाहत असाल म्हणून आधी तेवढंच लिहिते. पाठवली नाही आणि आता पाठवण्यात अर्थ नाही.

त्या सकाळी पिशवी काढली, पाकिटावर तुमचा पत्ता लिहिला. पाकीट बंद करायचं तेवढं राहिलं होतं. आणि माझ्या मनात आलं, आत खरंच खराब मका आहे का? पोत्यांना वास नंतर लागला असेल तर? दोन महिन्यांत गोदामातच बुरशी धरली असेल आणि त्या दिवशी मका खरंच चांगला असेल तर? मग माझं चुकलंच नव्हतं. तसं असावं असं मला किती वाटत होतं, ते लिहिता येत नाही मला. कापडावरून वास घेतला, कापडाचाच आला. पिशवी दाबून पाहिली. उन्हात धरून पाहिली. मग सुई घेऊन शिवणीचे चार टाके काढले. फक्त नाक जाईल एवढे.

कुबट होता. पहिल्या दिवसापासून होता.

मग पाहिलं तर शिवणीवरचा कागद मधोमध फाटला होता. अर्धी सही एकीकडे, अर्धी दुसरीकडे. तोंड उघडलेली मूठ कुणाचीच नसते, हे मामंजींनी शिकवलेलं मला पाठ आहे. कुणीही म्हणेल, या बाईने आत हवा तो मका भरला. मी परत शिवायचा प्रयत्न केला. तो करताना मला कुणी पाहिलं नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

दुसरं कुणी असतं तर पिशवी पाहून पाठवून दिली असती. मी नाक खुपसलं. दुसरं काही मला येतच नाही.

डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, उरलेली चाळीस पोती दाखवा, त्यातला नमुना घेऊ. त्याच दुपारी घरी आले तर यांनी गिरणीजवळ पहिली चार पोती आणून लावली होती, कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्यासाठी. गाडी चारला येणार होती. हे गाडीवाल्याला घ्यायला गेले होते. मी एकटी होते, पोती उचलून कुठं टाकणार? दारातल्या नळाला रबरी पाइप लावला आणि पाणी सोडलं. आधी त्या चार पोत्यांवर, मग आत जाऊन सगळ्यांवर. ओला मका दळता येत नाही. दीड तास पाणी मारत होते.

हे आले आणि दारात उभे राहिले. नळ बंद केला आणि आत जाऊन पडले. तेव्हापासून आमच्यात बोलणं नाही.

कोंबडीची पिल्लं वाचली. पण डॉक्टर नमुना घ्यायला आले तेव्हा डोक्याला हात लावून बसले. “बाई, भिजवल्यावर बुरशी येणारच,” ते म्हणाले. “आता यातून त्या दिवशीचं काय सिद्ध करू मी?”

म्हणजे मूठही मीच घालवली आणि पोतीही मीच. तुमच्या बाजूचा एकेक पुरावा मी माझ्या हाताने संपवला आहे, आणि दोन्ही वेळा मला वाटलं की मी बरोबर करते आहे.

चोवीस तारखेला मी येते. सही केलेला जबाब माझा आहे, तो मीच परत घेईन. तुम्ही ओळख दाखवली नाहीत तरी चालेल.

वहिनी


२७ एप्रिल

भाऊजी,

सगळं तुमच्यासमोरच झालं, तरी लिहिते आहे. त्या खोलीत मला जे बोलता आलं नाही ते इथं लिहायचं आहे, आणि मग मी तुम्हाला त्रास देणार नाही.

तुमचे कानाजवळचे केस पांढरे झाले आहेत. आत आल्यावर मला आधी तेच दिसलं. मग मागच्या बाकावर बदकवाली बसलेली दिसली, आणि मी जे पाठ करून आले होते त्यातलं अर्धं तिथेच विसरले.

अध्यक्षांनी विचारलं, “तुमच्या सहीचा जबाब म्हणतो मका उत्तम होता. आता तुम्ही म्हणता खराब होता. पुरावा काही आहे?”

मी म्हटलं, “नाही.”

“मग कशावरून म्हणता?”

“वासावरून.”

टंकलेखकाने मान वर केली. शेजारचे एक सदस्य हसले. मी दोन वर्षांपूर्वी हसले होते तसेच. “वासावरून आम्ही काय लिहायचं, बाई?” अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांनी माझा कागद बाजूच्या गठ्ठ्यावर ठेवला. मला वाटलं, संपलं. मी तुम्हाला बुडवलं आणि वर येऊन बुडवल्याचं सांगितलं, एवढंच झालं.

तेव्हा तुम्ही उठलात. “एकच प्रश्न विचारू का?” म्हणालात. माझ्याकडे पाहिलं नाहीत, टेबलाकडे पाहून विचारलंत. “त्या दिवशी ट्रक आला तेव्हा मका बघण्याआधी तुम्ही हात धुतले होते?”

म्हणजे पिल्लं मेल्याचं ते पहिलं पत्र तुम्ही वाचलं होतंत. त्यात मी सहज लिहून गेले होते की हात मनगटापर्यंत पिवळे होते. नंतर इतकं काय काय कबूल केलं, पण ते पुन्हा लिहिलं नाही. गोदामावर ढकललं, पिंपांवर ढकललं, झाकणांवर ढकललं. हातांचं लिहिलं नाही. तुम्ही नेमकं तेवढंच उचललंत.

मी म्हटलं, “नाही.”

“याचा काय संबंध?” अध्यक्षांनी विचारलं. तुम्ही म्हणालात, “लवंगेने माखलेल्या मुठीत कुजका मकाही लवंगेचाच वास देतो. या बाईंनी मका तपासलाच नाही. न तपासलेला मका उत्तम होता असं कुणाला म्हणता येणार नाही, आणि मका वगळून पिंपातलं विष पावडरीचंच असंही म्हणता येणार नाही.” या बाईंनी म्हणालात. बरोबरच आहे.

मला त्या उत्तराखाली सही करायची होती. टंकलेखकाने कागद पुढे केला. प्रश्न : हात धुतले होते काय? उत्तर : नाही. मी सही केली. या वेळी पाच मिनिटं लागली नाहीत.

आता ते, जे तिथं बोलता आलं नाही. नळ पाच पावलांवर होता. त्या दिवशी मूठ नाकाशी नेली तेव्हा मला मक्याचा वास आला नाही. वाईट नाही आणि चांगलाही नाही, मक्याचा वासच आला नाही. चांगल्या मक्याला गोडसर वास असतो, तो मला झोपेतही ओळखता येतो. तो नव्हता. हे मला त्या क्षणी कळलं, भाऊजी. नंतर नाही, त्या क्षणी. पण ट्रकवाला उभा होता, हे उभे होते, हमाल उभे होते, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. आता ही काय सांगते. त्यांच्यासमोर मी नळावर जाऊन हात धुऊन परत आले असते तर त्याचा अर्थ झाला असता की नाकाला कळलं नाही. एवढ्यासाठी. मी मान हलवली आणि म्हटलं, “घ्या उतरवून.”

पाचशे एकोणनव्वद पिल्लं. बदकवालीने तो आकडा तिथं सांगितला तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता. जाताना ती माझ्याजवळ थांबली. मला वाटलं बोलेल, थुंकेल, काहीतरी करील. तिने माझा हात हातात घेतला, उलटा करून तळवा पाहिला आणि सोडून दिला.

तुम्ही परत कामावर लागलात असं डॉक्टर म्हणाले. ऐकून खूप बरं वाटलं. आपल्या गिरणीचा परवाना गेला. यांनी काल मशीनचे पट्टे काढून गुंडाळून ठेवले. मामंजींच्या वेळचा खिळा भिंतीत तसाच आहे, त्याला आता काही टांगलेलं नाही.

आणि बाहेर व्हरांड्यात तुम्ही माझ्या शेजारून गेलात तेव्हा थांबला नाहीत, पण बोललात. मी नीट ऐकलं. “वहिनी,” म्हणालात, “यंत्रातले सेल काढून ठेवा. गळतात.”

वहिनी म्हणालात.

घरी येऊन आधी हात धुतले, वाळू दिले, मग कपाटातून खोकं काढलं. पहिल्यांदाच उघडलं.

गळले होते.

मका तपासणारी